कांद्याची निर्यातबंदी आणि तुमचा लघुप्रबंध : राज्यशास्त्राचं संशोधन कसं करावं

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलं विषय मंजूर करून घ्यायला येतात, तेव्हा कागदावर साधारण दोनच गोष्टी असतात. एक, 'भारताचे परराष्ट्र धोरण : एक चिकित्सक अभ्यास'. दोन, 'महाराष्ट्राच्या राजकारणातील बदलते प्रवाह'. मी एवढंच विचारते, 'यात तुझं उत्तर चुकलं, तर तुला कसं कळणार?' यावर समोरचं पोरगं गप्प होतं. गप्प होणारच, कारण असल्या विषयाचं उत्तर चुकायला जागाच नसते. ऐंशी पानं लिहा, सगळं थोडंथोडं बरोबरच येतं. परीक्षकही वाद घालत नाही, गुण देतो आणि प्रबंध कपाटात जातो.

माझं कॉलेज नाशिक जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी कांद्याची चाळ, म्हणजे कांदा साठवायचं हवेशीर कोठार, आहे. त्यामुळे हल्ली मी संशोधन पद्धतीचा अख्खा पेपर कांद्यावर शिकवते. आमच्याकडे आंतरराष्ट्रीय संबंध, राजकीय सिद्धान्त आणि भारतीय राजकारण असे तीन पेपर तीन तासांना शिकवले जातात आणि मुलांच्या डोक्यात ते तीन वेगळ्या वह्यांतच राहतात. लासलगावच्या कांदा बाजाराच्या आवारात मात्र ते एकाच ट्रॉलीत येतात. दिल्लीत अधिसूचना निघते, ढाक्यात भाव चढतो, इकडे लिलाव बंद पडतो आणि पुढे मतपेटीत काहीतरी घडतं. किंवा घडत नाही. नेमकं काय, ते शोधायचं.

आधी प्रश्न, मग शीर्षक

'कांदा निर्यातबंदी २०२३-२४' हा विषय झाला, प्रश्न नाही. त्यातून किमान तीन प्रश्न निघतात.

सरकारने बंदी घातली तेव्हाच का घातली आणि उठवली तेव्हाच का उठवली? हा धोरणाचा प्रश्न. बंदी असतानाही काही देशांना कांदा गेला, तो कुणाला आणि का? हा परराष्ट्र संबंधांचा. आणि तिसरा : दिंडोरी लोकसभा मतदारसंघातल्या कांदा पिकवणाऱ्या गावांमध्ये २०२४ ला सत्ताधारी उमेदवाराची मतं बाकीच्या गावांपेक्षा जास्त घटली का?

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण त्याचं उत्तर सरळ 'नाही' येऊ शकतं. तसं आलं तरी तो प्रबंध चांगलाच असेल. उलट, जिल्ह्यातलं शेंबडं पोरही 'कांद्याने सरकार रडवलं' म्हणत असताना तुम्ही पुराव्यानिशी 'नाही' म्हणालात, तर परीक्षक खुर्चीत सावरून बसेल.

शीर्षक शेवटी ठरवा. विद्यापीठाच्या फॉर्मवर आधी लिहावं लागतं हे मलाही माहीत आहे. मग मोघम लिहा आणि पुढे उपशीर्षकात आवळा.

तारखांची वही

पुस्तकं उघडण्याआधी दोनशे पानी वही घ्या आणि तिच्यात फक्त तारखा लिहा. डाव्या पानावर सरकारने काय केलं ते, उजव्या पानावर त्याच सुमारास बाकी जगात काय चाललं होतं ते. संगणकावर तक्ता केलात तरी हरकत नाही, पण मला वहीच बरी वाटते. तक्त्यात मुलं रंग भरत बसतात.

डावं पान असं दिसेल. १९ ऑगस्ट २०२३ : कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क. २८ ऑक्टोबर : टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य, म्हणजे याहून कमी दराने बाहेर विकायचं नाही. ७ डिसेंबरची अधिसूचना : ८ तारखेपासून ३१ मार्चपर्यंत बंदी. २२ मार्च २०२४ : बंदी पुढील आदेशापर्यंत चालू. २५ एप्रिल : गुजरातमधला २,००० टन पांढरा कांदा बाहेर पाठवायला परवानगी. दोनच दिवसांनी सहा देशांना मिळून ९९,१५० टनांची घोषणा. ४ मे : बंदी उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क कायम. १३ सप्टेंबर : किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर. १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेलं.

आता उजवं पान भरा. ऑगस्ट २०२३ हा १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. मध्य प्रदेशचं मतदान १७ नोव्हेंबरला, राजस्थानचं २५ ला, चार राज्यांचा निकाल ३ डिसेंबरला. ४ डिसेंबरला संसदेचं हिवाळी अधिवेशन सुरू झालं. ११ डिसेंबरला चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर शरद पवार आंदोलनात उतरले. दिंडोरी आणि नाशिकचं मतदान २० मे २०२४ ला, निकाल ४ जूनला. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला.

दोन्ही पानं शेजारी ठेवली की वर्गात वाद सुरू होतो, आणि माझा तो तास वसूल होतो. सगळ्यांचं पहिलं म्हणणं असतं, 'निवडणुकीसाठी शहरी ग्राहकाला खूश करायला बंदी घातली.' बरं. मग ती चार राज्यांच्या मतदानाआधी का नाही घातली? निकाल लागल्यावर चौथ्या दिवशी का? यावर कुणीतरी म्हणतं, 'मॅडम, मध्य प्रदेशात कांदा पिकतो ना! तिथल्या शेतकऱ्याचं मत पदरात पडेपर्यंत थांबले.' हेही पटण्यासारखं आहे. तिसरं कुणी म्हणतं, पाऊस कमी, खरिपाची आवक लांबलेली, भाव चढलेला. सरकारात कुणीही असतं तरी हेच झालं असतं. तेही पटतं.

इथे थांबायचं. एकाच घटनेची तीन स्पष्टीकरणं तुमच्या हातात आहेत आणि तिन्ही पटतात. आता पुढचं सगळं काम या तिघांपैकी कोण टिकतं ते बघण्याचं. यातलं जे तुम्हाला मनापासून आवडलंय, त्याच्याविरुद्धचा पुरावा आधी शोधा. आपल्या बाजूचा पुरावा आपोआप सापडतो, त्याला शोधावं लागत नाही.

तारखा वर्तमानपत्रातून घेतल्यात तर मूळ कागदाशी ताडून बघा. अधिसूचनेवरची तारीख, ती लागू होण्याची तारीख आणि बातमी छापून आल्याची तारीख, हे तीन वेगवेगळे दिवस असू शकतात. आणि तुमचा सगळा मुद्दा चार दिवसांच्या फरकावर उभा आहे.

अधिसूचना वाचायची कशी

परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर या अधिसूचना मोफत मिळतात. दीड-दोन पानांचा रुक्ष कागद असतो. पोरं पहिलं वाक्य वाचून सोडून देतात. तुम्ही तसं करू नका.

७ डिसेंबरची अधिसूचना घ्या. वर आधार दिलाय : परकीय व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम, १९९२. म्हणजे संसदेने केव्हाच अधिकार देऊन ठेवलाय, प्रत्येक वेळी सभागृहात यावं लागत नाही. कार्यकारी मंडळाला एवढी मोकळीक असावी का, हा तुमच्या संविधानाच्या पेपरातला प्रश्न इथे पहिल्याच ओळीत बसलाय. मग एक छोटा तक्ता, त्यात कांद्याच्या पुढे 'मुक्त' होतं तिथे 'प्रतिबंधित' आलं. खाली सवलती : ज्या मालाची जहाजावर चढाई आधीच सुरू झाली होती तो जाऊ द्यायचा, जो सीमाशुल्क विभागाच्या ताब्यात गेला होता तोही.

आणि या सगळ्याच्या गर्दीत एक वाक्य आहे : इतर देशांच्या सरकारांनी विनंती केली आणि केंद्राने परवानगी दिली, तर निर्यात करता येईल.

या वाक्याखाली लाल रेघ मारा. शेतकऱ्यासाठी बाजार बंद झाला, पण सरकारसाठी नाही. व्यापारी ते व्यापारी जाणारा माल आता सरकार ते सरकार जाणार. कोणाला, किती, कधी, हे दिल्ली ठरवणार, आणि पाठवण्याचं काम बहुतांशी राष्ट्रीय सहकारी निर्यात कंपनीमार्फत. बांगलादेश, संयुक्त अरब अमिरात, भूतान, बहरीन, मॉरिशस, श्रीलंका ही एप्रिलच्या घोषणेतली सहा नावं. त्याआधी, मार्चमध्ये, बांगलादेशाला ५०,००० टन आणि अमिरातीला १४,४०० टन मंजूर झाले होते. या यादीत कोण आहे याच्याइतकंच, कोण नाही हेही बघा. मलेशिया आपला जुना गिऱ्हाईक. तो का नाही? विनंतीच केली नाही की विनंती मानली नाही? हे संसदेतल्या प्रश्नोत्तरांत सापडतं का बघा.

संसदेची प्रश्नोत्तरं ही खाण आहे आणि फुकट आहे. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात, अतारांकिताला लेखी. मुलांना तारांकित भारी वाटतात. माझा अनुभव उलटा आहे. आकडे, जोडपत्रं, देशवार तक्ते बहुतेक अतारांकितात असतात, कारण तिथे भाषण करायचं नसतं. 'कांदा' शब्द टाकून वाणिज्य, ग्राहक व्यवहार, कृषी आणि परराष्ट्र अशा चारही मंत्रालयांत शोधा. एकाच गोष्टीचं कारण चार मंत्रालयं चार प्रकारे सांगतात, आणि तो फरक हाच तुमचा पुरावा.

दुसरी बाजू ढाक्याची. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या होत्या, त्याच्या काही दिवस आधी, २९ सप्टेंबरला, भारताने बंदी घातली होती. 'स्वयंपाक्याला सांगितलं, कांदा घालू नको,' असं त्या हसत हसत भर कार्यक्रमात बोलल्या. विनोद होता, पण पंतप्रधानाने दुसऱ्या देशाच्या राजधानीत केलेला विनोद हा राज्यशास्त्रात नोंदवण्याचा मजकूर असतो. पुढच्या वर्षी १४ सप्टेंबरला पुन्हा अचानक बंदी आली तेव्हा बांगलादेशाने अधिकृत नाराजी कळवली. २०२३ च्या अधिसूचनेतलं ते विनंतीचं वाक्य या दोन प्रसंगांनंतर वाचलं, की वेगळं दिसतं.

जागतिक व्यापाराचे नियमही बघून घ्या, पण त्यात बुडू नका. गॅट कराराचं अकरावं कलम निर्यातीवर अशी बंदी घालायला मनाई करतं, आणि त्याच कलमात अन्नधान्याच्या गंभीर टंचाईसाठी तात्पुरत्या बंदीची मुभाही आहे. 'गंभीर' आणि 'तात्पुरती' हे कोण ठरवणार, यावर एक प्रकरण होऊ शकतं. तुमचा मुख्य प्रश्न तो नसेल तर दोन परिच्छेदांत संपवा.

सिद्धान्त कुठून आणायचा

सिद्धान्ताचं प्रकरण म्हणजे मोठ्या नावांची आरती, असा आपल्याकडे समज आहे. प्लेटोपासून सुरुवात, मग वास्तववाद, उदारमतवाद, मार्क्सवाद, प्रत्येकाला दीड पान. पुढे कांद्याचं प्रकरण आलं की त्यातल्या एकाचीही गाठ पडत नाही. जो सिद्धान्त नंतरच्या पानांवर काम करणार नाही, तो आणूच नका.

या प्रश्नाला मी दोनच सुचवते. पहिला अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनमचा, १९८८ चा. १९७८ च्या बॉन शिखर परिषदेचा दाखला घेऊन त्याने मांडलं, की देशाचा नेता एकाच वेळी दोन टेबलांवर खेळत असतो. एकावर समोर परदेशी सरकार, दुसऱ्यावर घरचे पक्ष, संघटना, मतदार. एका टेबलावर फायद्याची असलेली चाल दुसऱ्यावर महाग पडू शकते. आता ९९,१५० टनांची घोषणा बघा. सहा देशांच्या टेबलावर ती मैत्री आहे, आणि मतदान तीन आठवड्यांवर आलेलं असताना नाशिकच्या टेबलावर तीच 'बघा, निर्यात चालू आहे' अशी समजूत. त्याच आठवड्यात गुजरातच्या पांढऱ्या कांद्याची परवानगी आली आणि दुसऱ्या टेबलावरचा डाव बिघडला. पटनम इथे खरोखर कामाला येतो.

दुसरा सिद्धान्त आपल्या घरचा आहे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेतली नोकरी सोडून आले, चाकणजवळ शेती केली आणि पहिलं आंदोलन केलं ते कांद्याच्याच भावासाठी. नोव्हेंबर १९८० मध्ये ऊस आणि कांद्यासाठी नाशिक जिल्ह्यातले रस्ते आणि रेल्वे अडवली गेली. त्यांचं म्हणणं होतं की शेतमालाचा भाव पाडणं हे सरकारचं धोरणच आहे. शेतकऱ्याला मिळते ती उणे सबसिडी, म्हणजे मदत देण्याऐवजी उलट त्याच्याकडूनच काढून घेणं. आणि देशात शोषण करणारा इंडिया व शोषला जाणारा भारत असे दोन देश आहेत. मुलं हे भाषण म्हणून उद्धृत करतात. मी म्हणते, हा सिद्धान्त म्हणून घ्या. सिद्धान्त म्हणून घेतला की त्याला तपासता येतं. निर्यातशुल्क म्हणजे उणे सबसिडी का? किती रुपयांची? ती ग्राहकाच्या खिशात गेली की मधल्या कुणाच्या?

आणि एक अडचणीचा प्रश्न त्यातच आहे. चाळ असलेल्या शेतकऱ्याला भाव हवा. पण त्याच गावात कांदा खुरपणारी मजूर बाई बाजारातून कांदा विकतच घेते. ती इंडियात की भारतात? सरकारने कुणाची बाजू घ्यावी, हा न्यायाचा प्रश्न आहे आणि तो आकड्यांनी सुटत नाही. लघुप्रबंधात त्याचं उत्तर द्यायला हवंच असं नाही. पण तो टाळून पुढे गेलात तर तोंडी परीक्षेत तुम्हाला कुणीतरी पकडेल, आणि पकडावंच.

सरकार कांद्याला एवढं का घाबरतं, याला इतिहास आहे. जानेवारी १९८० ची लोकसभा आणि नोव्हेंबर १९९८ ची दिल्ली विधानसभा, या दोन्ही निवडणुकांत कांद्याचा भाव प्रचारात गाजला होता. 'कांद्याने सरकारं पाडली' हे वाक्य मात्र पुराव्याशिवाय लिहू नका. गाजणं आणि पाडणं यात अंतर आहे.

मतांचे आकडे

इथे सगळ्यांत जास्त वेळ द्या, कारण सगळ्यांत जास्त ठेचा इथेच लागतात.

राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर नमुना २० असतो. अंतिम निकालपत्रक म्हणतात त्याला. केंद्रवार, उमेदवारवार मतं. लोकसभेचं असेल तर विधानसभा क्षेत्रवार फाइल असतात. दिंडोरीत सहा : नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड, दिंडोरी. बहुतेक फाइल कागद स्कॅन करून टाकलेल्या असतात, त्यामुळे आकडे हाताने टंकावे लागतात. सगळी केंद्रं घेऊ नका. एक तालुका घ्या. मी निफाड घ्यायला सांगते, कारण तिथे कांद्याची गावं आहेत आणि द्राक्षांचीही. तालुका तोच, उमेदवार तेच, प्रचार तोच, पीक वेगळं. यापेक्षा चांगली तुलना कुठे मिळणार?

नमुना २० वर केंद्राचा नुसता क्रमांक असतो, गावाचं नाव बहुधा नसतं. त्यासाठी मतदान केंद्रांची यादी वेगळी घ्या आणि दोन्ही जुळवा. २०१९ आणि २०२४ मध्ये केंद्रांचे क्रमांक बदललेले असतात, नवी केंद्रं वाढलेली असतात. म्हणून केंद्राची केंद्राशी तुलना करू नका. गावातली सगळी केंद्रं एकत्र करून गावाची गावाशी करा. टपाली मतं केंद्रवार नसतात, ती बाजूला ठेवा आणि तसं लिहा. आणि २००९ च्या मागे गेलात तर सावध. २००८ च्या पुनर्रचनेनंतर मतदारसंघांच्या हद्दी बदलल्या, मालेगाव नावाचा लोकसभा मतदारसंघच उरला नाही.

गावात काय पिकतं हे कुठून कळणार? ई-पीक पाहणीतून, म्हणजे कुणाच्या शेतात काय पेरलंय त्याच्या सरकारी नोंदीतून. गावनिहाय पिकाखालचं क्षेत्र तालुका कृषी कार्यालयाकडे किंवा तहसीलमध्ये मागा. तोंडी मागून मिळालं तर उत्तम, नाहीतर माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा, हे विसरून मुलं पाच पानी निबंध देतात आणि अर्ज परत येतो. 'तालुका निफाड, रब्बी हंगाम अमुक, गावनिहाय कांदा व द्राक्ष क्षेत्र हेक्टरमध्ये' एवढं पुरतं.

आता खरी गंमत. २०२४ ला दिंडोरीत राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) पक्षाचे भास्कर भगरे यांनी भाजपच्या केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार यांना सुमारे १ लाख १३ हजार मतांनी हरवलं. पण त्याच मतपत्रिकेवर भगरे आडनावाचे एक अपक्षही होते, चिन्ह तुतारी. पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. त्या अपक्षाला लाखावर मतं पडली. ज्याला ही गोष्ट ठाऊक नाही, तो नमुना २० वाचून लिहील की दिंडोरीत अपक्षांचा मोठा प्रवाह होता. असं लिहिलेलं मी वाचलंय. गावात विचारलं असतं तर शाळकरी पोराने सांगितलं असतं. आकड्यांत शिरण्याआधी त्या निवडणुकीची गोष्ट माहीत हवी, आणि या दुसऱ्या भगरेंच्या मतांचं काय करायचं ते ठरवून, कारण देऊन लिहायला हवं. तुमचा प्रश्न 'सत्ताधारी उमेदवाराची मतं घटली का' असा असेल तर अडचण कमी. विरोधकाची किती वाढली असं विचारलंत तर हा लाखाचा खड्डा वाटेत आहे.

बाकी खड्डे थोडक्यात सांगते. भारती पवार २०१४ ला राष्ट्रवादीकडून उभ्या होत्या, २०१९ ला भाजपकडून. म्हणजे मतं पक्षाची किती आणि त्यांची स्वतःची किती, हा गुंता आहे. २०१९ ला माकपचा उमेदवार रिंगणात होता, २०२४ ला नव्हता. माकपचा जोर असलेल्या सुरगाणा-कळवणकडचा बदल कांद्याच्या नावावर टाकू नका. मध्ये शिवसेना फुटली, राष्ट्रवादी फुटली.

राज्य पातळीवर टक्केवारी मांडणार असाल तर लढवलेल्या जागा शेजारच्या रकान्यात लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. भाजपला विधानसभेत २०१४ ला २७.८१ टक्के मतं मिळाली आणि २०१९ ला २५.७५. घसरण झाली? २०१४ ला युती नव्हती, २६० जागा लढवल्या होत्या. २०१९ ला युती होती, १६४ लढवल्या. लढवलेल्या जागांपुरतं बघितलं तर चित्र बरोबर उलटं दिसतं.

आणि गावाच्या आकड्यावरून माणसाबद्दल बोलायचं नाही. कांद्याच्या गावात भाजपची मतं दहा टक्के घटली, म्हणजे कांदा उत्पादकांनी पाठ फिरवली असं सिद्ध होत नाही. त्या गावात मजूर आहेत, दुकानदार आहेत, मास्तर आहेत. कुणी फिरवली हे आकडा सांगत नाही. एवढंच लिहा : ज्या गावांत कांद्याचं क्षेत्र जास्त, तिथे घट जास्त दिसते, किंवा दिसत नाही.

शेवटची कसोटी विधानसभेची. लोकसभेनंतर साडेपाच महिन्यांनी याच सहा विधानसभा क्षेत्रांत सहाही जागा महायुतीने जिंकल्या. गावं तीच, मतदार तेच. राग विरला? २० टक्के शुल्काने आणि वाढलेल्या भावाने समजूत पटली? लाडकी बहीण आली? की लोकसभेतही कारण मुळात कांदा नव्हतंच, दुसरंच होतं? माझं मत विचाराल तर कांदा कारण होता, एकटा नव्हता. आरक्षणाचा प्रश्न आणि संविधानाची चर्चा कांदा न पिकणाऱ्या जिल्ह्यांतही तसाच निकाल देऊन गेली. पण हे मत आहे. निफाडची गावं जुळवून कुणी मला खोडून काढलं तर मी त्याला पेढे देईन.

माणसांशी बोलणं

प्रश्नावली छापून शंभर जणांकडून 'होय / नाही / सांगता येत नाही' भरून घेण्याची साथ आहे आपल्याकडे. निर्यातबंदीमुळे शेतकऱ्यांचे नुकसान झाले असे आपणास वाटते का? शंभरातले सत्त्याण्णव होय म्हणणार. हे विचारायला एसटीचं भाडं कशाला खर्च करायचं?

दहा-पंधरा जणांशीच बोला, पण वस्तू समोर ठेवून बोला. हिशोबपट्टी मागा. बाजार समितीत माल विकला की मिळते ती. तिच्यावर तारीख असते, वजन असतं, क्विंटलचा दर असतो, हमाली-तोलाईची कपात आणि हातात आलेली रक्कम असते. बऱ्याच घरांत त्या तारेला टोचून ठेवलेल्या असतात. ७ डिसेंबरच्या आधीची आणि नंतरची अशा दोन पट्ट्या शेजारी ठेवा आणि गप्प बसा. माणूस आपोआप बोलतो : त्या दिवशी लिलाव किती वाजता बंद पडला, ट्रॉली परत आणली की तिथेच ठेवली, कोण पुढारी आला, काय म्हणाला. मग विचारा, 'त्या महिन्यात कोणत्या पक्षाचं कोण घरी आलं होतं?' हा प्रश्न वाटतो साधा, पण राजकारण त्यात आहे.

दर नोंदवताना कांदा कोणता ते लिहा. डिसेंबरचा लाल, फेब्रुवारीचा रांगडा आणि एप्रिल-मेचा उन्हाळ हे तीन वेगळे माल आहेत. लाल टिकत नाही, त्याला चाळीत ठेवून भावाची वाट बघता येत नाही. डिसेंबरातल्या बंदीने लाल कांदावाल्याचा हात असा पिरगाळला गेला. मार्चमध्ये ती वाढली तेव्हा उन्हाळवाल्याला निदान चाळीचा आसरा होता. पणन मंडळाच्या दरपत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. सर्वसाधारण घ्या. आंदोलनाच्या पत्रकात किमान असतो, सरकारच्या पत्रकात कमाल.

कुणालाही चारचौघांत 'मत कुणाला दिलं' विचारू नका. एकट्यालाही विचारू नका. तो सांगेल ते खरं असेलच असं नाही आणि मत गुप्त ठेवणं हा त्याचा हक्क आहे. प्रबंधात नावं देऊ नका. 'निफाड तालुक्यातील चार एकर उन्हाळ कांदा असलेला शेतकरी, वय पन्नाशीचं' एवढं पुरे. लहान गाव असेल तर गावाचंही नाव गाळा. व्यापाऱ्यांशीही बोला. शेतकऱ्याचा पोरगा असाल तर हे जड जाईल, तरी बोला. निर्यातीचा कंटेनर मुंबईच्या बंदरात अडकल्यावर काय होतं ते त्यालाच माहीत असतं.

ज्यांच्या घरी कांदा नाही त्यांनी

हीच रीत दुसरीकडेही चालते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४ जानेवारी १९८० ला अफगाणिस्तानातून फौजा मागे घेण्याचा ठराव आला, भारत तटस्थ राहिला. २ मार्च २०२२ ला युक्रेनवर ठराव आला. १४१ बाजूने, ५ विरुद्ध, ३५ तटस्थ, आणि भारत त्या ३५ मध्ये. दोन्ही वेळची भारताची निवेदनं संयुक्त राष्ट्रांच्या दस्तऐवजांत मिळतात. शेजारी ठेवून वाचा, कोणता शब्द राहिला आणि कोणता गळला ते टिपा. किंवा संविधानाचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा घ्या : शिवसेनेच्या प्रकरणात ११ मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि १० जानेवारी २०२४ चा विधानसभा अध्यक्षांचा निर्णय. विधिमंडळ पक्ष आणि राजकीय पक्ष यांतला फरक न्यायालयाने कसा मांडला आणि अध्यक्षांनी तो कसा वापरला, एवढ्यावर अख्खा लघुप्रबंध होतो.

लिहिताना आणि तोंडीला

आधीचं संशोधन शोधायला शोधगंगा हे प्रबंधांचं ऑनलाइन भांडार आहे, कॉलेजच्या एन-लिस्ट या ऑनलाइन ग्रंथसेवेच्या खात्यावरून नियतकालिकं उघडतात. खातं मिळत नसेल तर ग्रंथपालांच्या मागे लागा. जुने प्रबंध वाचा, उचलू नका; विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, पण दहा टक्के चालतात म्हणून दहा टक्के उचलणारी हुशार मंडळी मला लगेच कळतात. त्यांची भाषा पानागणिक बदलते.

मराठीत लिहिणार असाल तर 'सदर संशोधनात संशोधकाने' असं लिहू नका. 'मी निफाड तालुक्यातली गावं निवडली, कारण...' असं लिहा. काही मार्गदर्शकांना 'मी' चालत नाही. त्यांच्याशी भांडू नका, 'या अभ्यासासाठी' म्हणून वेळ निभावून न्या.

मर्यादांचं प्रकरण खरं लिहा. 'वेळेची व पैशाची मर्यादा होती' ही मर्यादा सगळ्या मानवजातीची आहे. तुमची मर्यादा अशी असते : ई-पीक पाहणीत पेरा शेतकऱ्याने स्वतः नोंदवलेला असतो, काही जणांनी नोंदवलाच नसेल, एका गावाची केंद्रं नीट जुळली नाहीत म्हणून ते गाव वगळलं.

तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक हमखास विचारतात, 'तुमचा नमुना किती?' घाबरू नका. सांगा, 'सर, गावं तालुक्यातली सगळी घेतली, नमुना नाही. मुलाखती पंधरा, त्या आकड्यांसाठी नाहीत, आकड्यांमागचं कारण समजायला आहेत.' दुसरा ठरलेला प्रश्न, 'याचा समाजाला उपयोग काय?' याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. विचारणाऱ्यांकडेही नसतं.

प्रबंधासोबत केंद्र-गाव जुळवणीची फाइल पेन ड्राइव्हवर आमच्या विभागात जमा करा, २०१९ आणि २०२४ दोन्हींची. प्रत्येक रकान्यात काय आहे ते पहिल्या ओळीत मराठीत लिहा आणि कुठली केंद्रं शंकास्पद वाटली त्यांना पिवळा रंग द्या. येवल्याचं काम अजून कुणी घेतलेलं नाही.